खाकी कव्हर

"झालं का गं वाचून?" मी दारातूनच विचारलं.

शेजारणीनं खाकी कव्हर घातलेलं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. मागे खुर्चीत तिचा नवरा बुटांना पॉलिश करत होता. मुलगी त्याच्यापासून लांब, भिंतीला टेकून बसलेली.

"झालं, काकू. पण ती नायिका फारच भित्री वाटली मला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसते आणि निघायला अर्धं पुस्तक लावते."

"पण निघते ना शेवटी?"

"निघते. गुरुवारी, नवरा कामावर गेला की. लेकीला घेऊन थेट मैत्रिणीकडे." तिनं मागे मुलीकडे पाहिलं. "ती मैत्रीण दार उघडेल की नाही, ते मात्र नीट कळत नाही."

"मला तर स्पष्ट कळलं. ती कडीच लावत नाही त्या दिवशी."

ब्रशचा आवाज थांबला. तो उठून हसत दाराशी आला.

"रोज तुमचं काय ते पुस्तकपुराण. द्या इकडे, त्या नवऱ्याचं पुढे काय होतं ते मीही बघतो."

माझ्या हातातून त्यानं पुस्तक अलगद काढून घेतलं. तिनं मुलीला जवळ ओढलं.

कव्हराच्या आत स्वेटर विणायचं पुस्तक होतं.