राखून ठेवलेली आरोळी

पडद्यावर कप्तानाने कंदील वर धरला आणि इकडे शिट्टीबाईंनी छाती भरून श्वास घेतला.

धुकं, काळं पाणी आणि त्यात एकटी नाव. कप्तानाच्या प्रत्येक सिनेमात हा प्रसंग असतोच. कप्तान डोळे बारीक करून विचारतो, "कोण आहे तिकडे?" मग कान पुढे करून थांबतो. तेवढा वेळ पडद्यावर चिटपाखरू हलत नाही, कारण ती जागा प्रेक्षकांची. सगळं थिएटर एका दमात ओरडतं, "आम्ही आहोत!" हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या भागाला कुणीतरी गंमत म्हणून ओरडलं आणि रीतच पडली. ते कुणीतरी म्हणजे नक्की कोण, यावर शिट्टीबाई आणि शेजारी बसलेला चष्मेवाला यांचं आजही भांडण आहे. दोघं तेव्हा शाळेला दांडी मारून आले होते.

पुढे बाई शाळेतच खेळ शिकवायला लागल्या. आवाज असा, की मैदानाच्या पलीकडचं पोरगं जागच्या जागी थिजायचं. गेल्या हिवाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, बोला, पण हळू. ओरडलात तर उरलासुरला आवाजही जाईल. बाईंनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि मनातल्या मनात एक आरोळी राखून ठेवली. या भागासाठी.

"कोण आहे तिकडे?" कप्तानाने विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी चारी भिंतींतून उत्तर आदळलं, "आम्ही आहोत!" रेकॉर्ड केलेलं. हजारो माणसांचं, एका पट्टीतलं, धुऊन पुसून लखलखीत केलेलं. कप्तानाने कान पुढे केलाच नाही. मुळात तो थांबलाच नाही. प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला आणि पुढच्या हाणामारीला लागला.

बाईंनी तोंड मिटलं. आसपासची पिकली डोकी एकमेकांकडे बघायला लागली, जेवायला बसवून पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं तशी.

"बघितलंस?" चष्मेवाला तडकला. "आपलंच ओरडणं चोरलं आणि आपल्यालाच ऐकवतायत! आणि त्याचं थोबाड बघ. एक सुरकुती नाही. कंप्युटरने इस्त्री मारलीय लेकाच्याला."

त्यानंतर त्याची टकळी शेवटपर्यंत थांबली नाही. नाव उडायला लागली तेव्हा तर त्याने कपाळावर हात मारून घेतला.

दिवे लागले. पडद्यावर नावं सरकत होती. लोक पिशव्या सावरत दाराकडे निघाले.

"चल, ऊठ," चष्मेवाला म्हणाला. "संपलं आपलं."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "विचार," त्या हळूच म्हणाल्या.

"काय विचारू?"

"काय ते तुला चांगलं ठाऊक आहे."

चष्मेवाल्याने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या गळ्यावरच्या वणाकडे. "वेड लागलंय का तुला? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांनी एकही भाग बघितलेला नाही."

"शिट्टे, आवाज जाईल तुझा. कायमचा. आणि कशासाठी? असल्या भंगार सिनेमासाठी?"

"सिनेमा गेला खड्ड्यात." आवाज हळू होता, पण तो ऐकून मैदान थिजलं असतं. "इतके महिने ही आरोळी घशात घेऊन हिंडतेय मी. ती तशीच घरी न्यायची? माझ्या वतीने भिंतींनी उत्तर दिलं म्हणून? मी काय मेलेय?"

चष्मेवाला काहीतरी पुटपुटला. मग उठला. पायऱ्या उतरून थेट पडद्याखाली जाऊन उभा राहिला. चष्मा काढून खिशात ठेवला, कारण कप्तानाला चष्मा नव्हता. मोबाइलचा दिवा लावून हात वर धरला.

"कोण आहे तिकडे?"

निघालं ते चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला नंबर विचारावा तसं. दाराशी पोचलेले दोघंचौघं वळले. कुणीतरी खुदकन हसलं. चष्मेवाल्याचे कान लाल झाले. पण त्याने त्यातलाच एक पुढे केला आणि तो थांबला. पूर्वी कप्तान थांबायचा तसा, अगदी मनापासून.

शिट्टीबाई उभ्या राहिल्या.

"आम्ही!"

थिएटर दणाणलं. त्याच दमात आवाज टरकन फाटला. ओठांनी पुढचा शब्द केला, पण त्यातून नुसती हवा आली. बाईंनी पुन्हा ओठ हलवले. पुन्हा हवाच.

चष्मेवाल्याने हात खाली घेतला नाही. कानही तसाच पुढे.

दाराशी गर्दी थबकली होती. पिशव्या, काठ्या, पांढरे केस.

"आहोत!" तिथून एक घोगरा आवाज आला. मग दुसरा. मग सगळेच ओरडले, कुणी आधी, कुणी नंतर, कुणी खोकत, एकाचाही सूर दुसऱ्याशी जुळत नव्हता.

शिट्टीबाई मटकन खाली बसल्या. गळ्यावर हात, डोळ्यांतून धारा आणि हसू असं फुटलेलं की खांदे गदगदत होते. आवाज मात्र बिलकुल नव्हता. चष्मेवाला लांबून त्यांच्याकडे बघत राहिला. चष्मा नसल्यामुळे त्याला सगळं धूसर दिसत होतं. निदान त्याने नंतर सांगितलं तसंच.

झाडू घेऊन आलेला माणूस वैतागला. "अहो काका, बाजूला व्हा. पुढच्या शोची माणसं खोळंबलीत बाहेर. आत सोडायचीत मला."

"सोडा की," चष्मेवाला दिवा आणखी उंच धरत म्हणाला. "त्यांनाही विचारतो."