मशीनला मराठी पटंना

अंबाबाईची आण घिऊन सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय! ज्याला पटत नसंल त्यानं आत्ताच उठून जावं. च्या पिऊन मग 'खोटं हाय' म्हणायचं न्हाय.

तर शिवकांता रडत हुती. पुढ्यात लॅपटॉप, लॅपटॉपात बातमी, आन् बातमीतल्या एकूणएक शब्दाखाली लाल रेघ. नागमोडी. गोम चालल्यासारखी.

लोहाऱ्याच्या रामकिसनची बातम्यांची वेबसाइट हाय. घरी बसून लिवायला त्याला मानूस पायजे हुतं. "वहिनी, आठवडी बाजारावर एक बातमी लिवा आन् सांजच्याला धाडा. जमली तर काम तुमचं," असं म्हणाला हुता. शिवकांताला ते काम लई पायजे हुतं. ती आळंदची, तिकडं कर्नाटकातली. शाळा समदी कानडीत. मराठी शिकली ती सासरी, चुलीम्होरं बसून. गल्लीतल्या बाया तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या. बातमीखाली आपलं नाव छापून आलं की त्यांची तोंडं आपसूक मिटतील, असं तिनं मनाशी धरलेलं. आन् आता मशीनच म्हणत हुतं, तुला मराठी येत न्हाय!

मग तिनं काय करावं? 'बाजार' पुसून 'मंडई' लिवलं. लाल. 'शेळी' पुसून 'बकरी' केली. लाल. 'म्हातारी' काढून 'आजी' बसवली. ती बी लाल. पुसता पुसता अर्धा बाजार उठला. इंग्रजी अक्षरांत लिवलेलं 'बस' तेवढं कोरं राहिलं. तिथंच कळायला पायजे हुतं, पण रडत्या डोळ्याला कुठं दिसतंय? "अय्य शिवा," ती पुटपुटली, आन् 'मला जमत न्हाय' म्हून रामकिसनला सांगायला तिनं फोन उचलला.

तेवढ्यात दारात सासू. महादेवी. निव्वळ अंगठाछाप बाई, पर जीभ अशी, की ही हितं लोहाऱ्यात ओरडली तर तिकडं भूमच्या बाजारात दलाल तराजू सरळ धरायचे. शिवकांतानं घाईघाईनं लॅपटॉप मिटायला हात घातला. उशीर झाला हुता.

महादेवी वाकली. आधी लॅपटॉपकडं बघितलं, मग सुनेच्या डोळ्यांकडं.

"अगं बया! मशीननं समद्या अक्षरांला कुंकू लावलं की! चांगलं हाय, शुभ हाय."

"कुंकू न्हाय वो आत्या. चुकलंय. समदंच चुकलंय."

"समदंच? एवढं चुकायला बी अक्कल लागती." महादेवीनं फतकल मारली. "ठिव त्यो फोन. आता म्या सांगते तसं लिव. म्या तर हितलीच हाय न्हवं? लिव, 'ह्या बाजारी कोथिंबिरीला माज आलाय.'"

शिवकांतानं लिवलं. समदं लाल.

"माझं नाव लिव."

लाल.

"आता गं! माझ्या बारशाला बापानं गावजेवण घातलं. दोनदा जेवून गेलेलं बी कुणी म्हणालं न्हाय, नाव चुकलं म्हून!" महादेवीचा पारा चढला. "खंडोबा लिव."

लाल.

"खंडोबा बी चुकला? देव चुकला आन् ह्ये डबडं बरोबर? ह्याला शिकवलं तरी कुणी?"

शिवकांताला रडता रडता हसू फुटलं. मग ती थांबली. खरंच की, ह्याला शिकवलं कुणी? लॅपटॉप जुना, नवऱ्यानं पुण्यातनं कुणाकडनं तरी आणलेला. तिनं लिवलेल्या मजकुरावर माउसचं उजवं बटण दाबलं. मेनू उघडला. खाली भाषा दिसली. आत बघती तर बरोबरची खूण इंग्रजीवर. एकट्या इंग्रजीवर! बिचारं मशीन आत्तापातूर इंग्रजीचा शब्दकोश मांडीवर घिऊन मराठी तपाशीत बसलेलं!

तिनं नेटवरनं मराठीचा शब्दकोश उतरवून घेतला. इंग्रजीची खूण काढली, मराठीवर केली, म्हंजे हिथनं फुडं मशीन मराठीलाच मराठी म्हणंल. आन् काय सांगू, रेघा अशा गेल्या, पाहुणे उठल्यावर दारातल्या चपला जाव्यात तशा. दोन-तीन राहिल्या मागं. शिवकांतानं निरखून बघितलं. त्या खऱ्याच चुका हुत्या.

"आत्या," तिनं छातीभर श्वास घेतला आन् सोडला, "एवढ्याच वो! माझ्या एवढ्याच चुका!"

"मग रडत काय बसलीस? ऊठ, आमटी उतू चालली. न्हायतर ऱ्हाऊ दे, म्या बघते. तू तुझा बाजार भर परत."

शिवकांतानं शेळ्या आणल्या, म्हातारी आणली, कोथिंबिरीचा माज तर पयल्याच ओळीत बसवला. सांजच्याला बातमी गेली. घटकाभरात रामकिसनचा फोन.

"वहिनी, कोथिंबीर झकास जमली! सोमवारपासनं लागा कामाला."

त्या सांजंला शिवकांता एक भाकरी जादा जेवली. गल्लीतल्या बाया आता तिची नक्कल करत न्हाईत. आपल्या घरची बातमी लावून घ्यायला तिच्या दारात येत्यात.

झालं. समदं खरं. बरं बाबा, एवढे डोळे वटारू नका, एक तेवढं म्या पदरचं घातलं. महादेवी अंगठाछाप न्हवती. सातवीपातूर शिकलेली बाई. लाल रेघ म्हंजे चूक, ह्ये तिला दारातनंच कळलं हुतं. पर सुनेला एकटीला नापास हू द्यायचं न्हवतं, म्हून तिनं आपलं बी नाव लिवाया लावलं.