भोकरच्या पुढे वीस मिनिटं

भोकर सोडून बस दहा-बारा किलोमीटर आली असेल, तोच निवृत्तीच्या नजरेपुढे डावीकडे ती करवत उभी राहिली. आधी एक चमकता ठिपका, मग त्याचे वाकडेतिकडे दात, आणि दातांच्या आत काहीच नाही. रस्त्याची कड गेली. मैलाचा दगड गेला. त्यानं वेग उतरवला, अंदाजानं बस बाभळीखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

वीस मिनिटं. अर्धशिशीआधीची ही करवत तेवढाच वेळ टिकायची. करवत पसरत पसरत नजरेबाहेर जायची, मग नजर स्वच्छ व्हायची आणि अर्धं डोकं फुटायला लागायचं. फुटत्या डोक्यानं बस चालवता येते, दात खाऊन का होईना. रस्ता दिसत नसताना येत नाही, आणि हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"इंजिन तापलंय," तो मागे न बघता म्हणाला. "वीस मिनिटं थांबावं लागंल."

बसमध्ये चाळीसेक माणसं. कुणाला नांदेडला दवाखान्यात नंबर लावायचा होता, कुणाची कोर्टात तारीख होती. पाच मिनिटं त्यांनी कशीबशी काढली. मग मलप्पा नावाचा ट्रॅक्टर मेकॅनिक उठून पुढे आला. त्यानं तापमानाच्या काट्याकडे बघितलं, इंजिनच्या झाकणावर हात ठेवला.

"कोन म्हनतंय तापलंय? याच्यावर चहा सुदीक व्हायचा न्हाई."

"पिलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण तो शब्द सगळ्यांना एकदम पटला. मलप्पानं मोबाइल काढून निवृत्तीच्या तोंडासमोर धरला.

"बोला ड्रायव्हर, कामून थांबवली गाडी? खरं बोला."

निवृत्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारूचा थेंब त्यानं जन्मात जिभेला लावला नव्हता. ज्यांचा जीव जाऊ नये म्हणून थांबलो तेच लोक आपल्याला दारुडा म्हणतात, आणि त्यांची तोंडंसुद्धा धड दिसत नाहीत. मलप्पाचा अर्धा चेहरा करवतीनं खाल्ला होता.

"खरं सांगू?" तो ओरडला. "ऐकायचंय?"

कंडक्टर महामाया गर्दीतून पुढे घुसली. त्याच्या दुखण्याचं डेपोत तिला एकटीला माहीत होतं. त्याच्या कानाशी वाकून ती पुटपुटली, "भाऊ, डोळ्याचं काढू नका. व्हिडिओ साहेबाकडं गेला की स्टेअरिंग गेलं, कायमचं. डोळ्याचं सांगून बसलेले वामनमामा अजून डेपोत टायर मोजून राहिले."

"अन् पिल्याचं?"

"चार म्हैने घरी. मग माफीनामा. दोघंतिघं आलेत तसे परत."

हा न्याय. पिऊन गाडी हाकली तर माफी, आणि दिसत नाही म्हणून गाडी उभी केली तर कायमचं खाली उतर. पगार चालू राहिला असता, पण तीन वर्षं हे दुखणं त्यानं लपवलं होतं ते पगारासाठी नव्हतं. बस चालवणं हे एकच काम त्याला मनापासून येत होतं.

"हाव, पिलोय," तो मोबाइलला म्हणाला. "जरा जास्त झाली. पंधरा मिनिटांत उतरंल. थांबायचं त्यानं थांबा."

आता मार बसणार, असं त्याला वाटलं. पण बसमधली माणसं सैल झाली. मलप्पानं मोबाइल खाली घेतला.

"आसं बोलायचं की मग. आमी उगं तापलो." त्यानं सगळ्यांदेखत व्हिडिओ पुसला. "लेकरंबाळं हायेत मानसाला. होतं कवाकवा." मग पिशवीतून ताकाची बाटली काढून त्यानं निवृत्तीच्या हातात दिली. "घ्या. लगीच उतरती."

माणसं सावलीत उतरून तंबाखू मळू लागली. दुसऱ्या गाडीला हात करायला कुणी गेलं नाही. दिसत नाही म्हणालो असतो तर हीच माणसं खिडक्यांतून उड्या टाकून पळाली असती, निवृत्तीला वाटलं. तो ताक प्यायला. शिव्या परवडल्या असत्या.

करवत हळूहळू सरकली. माणसं परत येऊन बसली. डावीकडचं एकेक परत दिसू लागलं, दाराचा दांडा, पहिलं बाक, आणि बाकावर पांढऱ्या लुगड्यातली सुमनमावशी. निवृत्तीच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणवून घेणारी. भोकरला चढली असणार. पिशवी मांडीवर घेऊन ती त्याच्याकडेच बघत होती.

"निवृत्ती," ती म्हणाली, "माझ्या लेकानं, प्रेमनं, तुझ्याकडं बघून बाटली सोडली. त्याला आता काय सांगू मी?"

त्यानं तोंड उघडलं. अख्खी बस ऐकत होती. महामायानं मान हलवली, नको म्हणून. त्यानं किल्लीकडे हात नेला.

मावशी उठली. "दार उघड, बाई. पिलेल्याच्या गाडीत मी बसत न्हाई."

"उनात कुठं उतरता, आजी?" मलप्पा म्हणाला. "उतरलीय त्याची."

ती उतरली. निवृत्तीला तिचा भयंकर राग आला, आणि अख्ख्या बसमध्ये तीच एकटी शहाण्यासारखी वागली म्हणून जास्तच आला. महामायानं दोनदा घंटी मारली. त्यानं किल्ली फिरवली तेव्हा उजव्या कानशिलात पहिली कळ उठली.

बाभळीखाली उभी राहिलेली मावशी डाव्या आरशात वळणापर्यंत दिसत होती, लुगड्याच्या काठापर्यंत स्पष्ट.