छाती साफ

“कंपनीनं काय चारलं तुमाला, डॉक्टरसाहेब?”

भिवा कांबळेनं हे विचारलं तेव्हा तो अजून खुर्चीत बसलाही नव्हता. विद्यापीठाच्या फाटकापासूनची चढण चढून त्याला धाप लागली होती. डॉक्टर रिसबूड चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

पिंपरीच्या फौंड्रीत भिवा वाळूचे साचे भरायचा. त्या धुरळ्यातच त्याचं तारुण्य गेलं. शेजारी मालोजी काम करायचा. तो चौऱ्याहत्तरच्या शिमग्यात खोकून खोकून मेला. कंपनीच्या डॉक्टरनं लिहिलं, क्षय, बिड्यांनी झाला. मालोजीनं जन्मात बिडी ओढली नव्हती. त्याच्या बायकोनं कंपनीवर दावा लावला.

तेव्हा विद्यापीठाला कामगारांच्या वस्तीत आणलं ते भिवानंच. संस्थानिकाच्या पागेत, घोडे हलवून दोन खोल्यांत सुरू झालेलं हे विद्यापीठ. आता तिथं परदेशातून माणसं शिकायला येत होती. रिसबूडांच्या विभागानं तर खडी फोडणाऱ्या बायांच्या छातीतला दगड जगाला दाखवला होता आणि खाणमालकांना झक मारत धुळीवर पाणी मारायला लावलं होतं. भिवा हे घरोघर सांगत फिरला, जणू ती पाग त्याच्या आज्यानंच बांधली होती. त्याची बायको चतुराबाई म्हणायची, “इद्यापीठाशीच लगीन लावायचं व्हतं की.”

कामगार भीत होते. मागं कंपनीनं तपासणी केली, तेव्हा ज्यांचा दम कमी भरला ते पुढच्याच महिन्यात घरी बसले होते. भिवानं तोड काढली. दम मोजायचं यंत्र वस्तीतल्या शाळेच्या खोलीत ठेवायचं, त्यापाशी विद्यापीठाची पोरं बसतील. एकेकानं आपापल्या सवडीनं जायचं, नाव सांगायचं, नळीत फुंकायचं, निघायचं. बाहेर कुणी रेंगाळायचं नाही. कोण कधी आलं, दुसऱ्याला कळता कामा नये. रिसबूडांनी हे मान्य केलं. मग फौंड्रीतल्या झाडून सगळ्यांनी नावं दिली.

अहवाल निघाला आणि कंपनीनं तो आज कोर्टात मिरवला. धूळ ओढणारे पंखे बसणार नाहीत, मालोजीच्या बायकोला काही मिळणार नाही. खुद्द विद्यापीठच म्हणतंय, छाती साफ.

भिवा कोर्टातून थेट इथं आला होता.

“तुमच्या पागेचं लई कवतिक केलं मी,” तो म्हणाला. “भाटावानी फिरलो. माणसं माझ्या भरवशावर आली. आन् तुमी इकलं आमाला.”

रिसबूड चिडले नाहीत. हा निकाल त्यांच्याही गळी उतरला नव्हता, ते म्हणाले. यंत्र पुन्हा तपासून घेतलं, पोरांना आकडे नव्यानं मांडायला लावले. तरी एकही छाती खराब निघेना. ज्यांनी कधी फौंड्री पाहिली नाही, त्यांच्यातही इतका दम सापडत नाही. पण जे दिसलं तेच लिहायचं, ही या विभागाची सगळी कमाई. मनातलं लिहीत बसले असते, तर खडीवाल्या बायांच्या वेळी त्यांना कुत्र्यानंही विचारलं नसतं.

भिवाला उबळ आली. भिंतीला हात लावून तो खोकत राहिला. छातीत खरखर वाजत होती. रिसबूड उठले, कपाटातून यंत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

“ही छाती साफ असूच शकत नाही. फुंका. आकडा वेगळा आला, तर माझाच अहवाल चुकलाय असं मी कोर्टात उभा राहून सांगतो.”

भिवानं नळी घेतली. ओठांपर्यंत नेली. मग हळूच खाली ठेवली.

“काय झालं, कांबळे?”

शाळेच्या खोलीत त्याच्या नावावर फुंकून गेला होता तो मोशीचा त्याचा मेहुणा, तालमीतला गडी. आपली नोकरी राहील, एकट्याच्या लबाडीनं काही बिघडत नाही, बाकीचे तर खरं फुंकतीलच, असं भिवानंही धरलं होतं.