आठवं पान

दोन ग्रेनसमोर १३० मिलिग्रॅम हवे होते, तिथे ३१० होते. अक्षर मोरोपंत सरांचं. आकड्यात खोडाखोड नव्हती, थरथर नव्हती.

ताराने ते पान इतर सहा पानांखाली ठेवलं. सातही पानांवर एकेक लाल खूण होती.

वही औषधांच्या मात्रांची, आठ पानांची. ग्रेनसारखी जुनी वजनं जाऊन ग्रॅम येऊ लागले, तेव्हा सरांनी निवृत्तीनंतर ती तयार केली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘कोणीही उतरवून घ्यावी. चूक दिसल्यास कळवावी.’ वऱ्हाडातले चाळीसेक दवाखाने तिच्यावरून औषध देत. नव्या प्रतीच्या तपासणीची घडी ताराने बसवली होती. ती अकोल्याला कॉलेजात रसायन शिकवी. प्रत्येक पान दोघांकडे जाई. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय ते पक्कं नव्हतं.

सोमवारी वही छापायला जायची होती. आणि सात चुका. सर चौऱ्याहत्तर वर्षांचे. आपल्यामागे वही कोणाकडे, हे ते दोन वर्षं बोलत नव्हते. आता ती माझ्याकडे द्या, असं आज सांगायचंच, म्हणून ती अमरावतीला निघाली होती.

आठवं पान लहान मुलांच्या मात्रांचं. ते तिने स्वतःकडे ठेवलं होतं. बडनेरा यायच्या आत गाडीतच त्यावर सही केली. त्याची दुसरी प्रत धारणीच्या दवाखान्यातले कंपाउंडर पुंजाजी यांच्याकडे होती. त्यांचं कार्ड आलं होतं, ‘ताराबाई, एकेक मात्रा काट्यावर तोलून पाहून राह्यलो. येळ लागन. घाई करू नोका.’ आकडे तपासायला काटा कशाला, असं वाटून तिला हसू आलं होतं.

राजापेठेतल्या सरांच्या घरी अनसूयाकाकूंनी दार उघडलं.

“ये. ह्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण लोकांच्या चुका बिनचष्म्याच्या सापडतात.”

सर खाटेवर बसले होते. ताराने सात पानं पुढे ठेवली. त्यांनी एकेक लाल खूण पाहिली, मान हलवली.

“चांगली माणसं जमवलीस.”

“सर, चुका फार झाल्या.”

“किती?”

“सात.”

“आठवं पान?”

“ते मी तपासलं. त्यात काही नाही.”

“दुसरी सही?”

“पुंजाजींचं अजून आलं नाही. सोमवार जवळ आला, म्हणून थांबले नाही.”

काकूंनी चहा आणून ठेवला. कोणी कप उचलला नाही.

“चुका मीच घातल्या, तारा,” सर म्हणाले. “प्रत्येक पानात एक. छापायला जाण्याआधी काढणारच होतो. मी नसताना ही वही कोण सांभाळेल, ते बघायचं होतं.”

उशाखालून त्यांनी एक कार्ड काढलं. धारणीचा शिक्का होता. ‘सर, ताराबाईले कार्ड पोचते का नाही, म्हून तुमालेबी लिहितो. पाव ग्रेनले १६ पाह्यजे, ६१ पडले. चौपट होते. लेकराले सोसत नाही.’

ताराने आठवं पान उलगडलं. ६१ च्या शेजारी तिची सही होती.

“वही कोणाकडे देऊ?” सरांनी विचारलं.

तिने आपल्या सहीवर आडवी रेघ ओढली.

“पुंजाजींकडे,” ती म्हणाली.