शेंड्याचा मानकरी

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कोर्टातून देशाच्या व्यापाराच्या खटल्याचा निकाल यायचा होता आणि जकार्तातल्या आमच्या ऑफिसात कुणाचा पाय एका जागी ठरत नव्हता. आमच्या प्रमुख इबू सुलास्त्रींनी विजय पक्का समजून सकाळीच तुंपेंग मागवला होता. पिवळ्या भाताच्या त्या डोंगराचा शेंडा, ज्याच्यामुळे यश मिळालं त्याला द्यायचा असतो.

निकाल आला. आम्ही हरलो होतो.

"भात परत पाठवू?" मी विचारलं.

"वेडी की काय तू, तियास? अपील ठोक."

"पण इबू, अपिलाच्या कोर्टात कित्येक वर्षं एकही न्यायाधीश नाही! गेल्या वर्षी आपल्याशी हरलेल्यांनी तिथंच अपील केलं, तर तुम्हीच त्यांना निर्लज्ज म्हणालात."

"म्हणाले ना. तेव्हा जिंकलो होतो आपण. आता न्यायाधीश नाही म्हणजे शेवटचा निकाल नाही, आणि तो नाही तोवर आपण हरलेलो नाही. सुरी आण!"

त्यांनी शेंडा कापला. आम्ही सगळे वकील ताटल्या पुढे करून उभे राहिलो.



इबूंनी तो नेऊन कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.