उन्हाळ्याचे सतरा आठवडे

डेटाबेसमध्ये तेवीस विहिरींच्या, दर बुधवारी मोजलेल्या, सहा वर्षांच्या सात हजार एकशे शहात्तर नोंदी होत्या. काल फाइल बिघडली. शेवटचा बॅकअप मार्चमधला निघाला. दर आठवड्याला तो घेणं माझं काम होतं. आज तो रिस्टोअर केला, तर उन्हाळ्याचे सतरा आठवडे रिकामे राहणार होते. नेमके तेच आकडे दाखवून गाव नव्या बोअरवेलवर बंदी मागणार होतं.

विहिरी मोजणाऱ्या केरबाकाकांना मी फोन केला. "काका, वहीत असेल ना लिहिलेलं?"

"कुठली वही? तुमीच म्हणालासा की मॅडम, फोनवर सांगा, मी थेट कॉम्प्युटरात भरते. दोनदा कशाला लिहायचं म्हणून."

"चुकलं माझं. काही आठवतंय?"

"पाणी लई खाली गेलं हुतं, एवढंच. आता विहिरी भरल्या. उन्हाळा कुठनं मोजून देऊ?"

तेवढ्यात फोनमधून टेप खाली सोडल्याचा आवाज आला.

"आज बुधवार हाय," काका म्हणाले. "लिहून घ्या."

मी कोरी वही उघडली. विहीर क्रमांक एक: पाणी तीन मीटर वीस सेंटिमीटरवर.